वेळेची अमानत : काठीच्या सावलीपासून अणुघड्याळापर्यंत



दिव्य कुरआनच्या सूरह अन्-निसामध्ये (आयत १०३) अल्लाह तआलाने नमाजविषयी एक मूलभूत गोष्ट सांगितली आहे. नमाज श्रद्धावंतांवर नुसती फर्ज नाही, ती ठरलेल्या वेळांशी बांधून फर्ज केलेली आहे. म्हणून फिकहच्या ग्रंथांत वजू, पाक वस्त्र आणि किबला यांच्याबरोबर ‘वक्त’ हीदेखील नमाजची एक शर्त म्हणून येते. वेळेपूर्वी अदा केलेली नमाज मनाच्या कितीही एकाग्रतेने अदा केलेली असली, तरी ती फर्ज म्हणून मान्य होत नाही. रोज्याचेही तसेच आहे. पहाट उगवल्यावर घेतलेला घास आणि सूर्य मावळण्यापूर्वी प्यायलेला पाण्याचा घोट, दोन्ही रोजा मोडतात.

आपण हे सर्व मानतो. परंतु मशिदीत टांगलेल्या वेळापत्रकातील आकडा कोठून आला, तो कोणत्या गावाचा आहे आणि किती अचूक आहे, हे आपल्यापैकी किती जण विचारतात? या पाठात त्याचाच अभ्यास करू.

शरीअतचे घड्याळ आकाशात आहे

इस्लामने पाच नमाजांच्या वेळा तास-मिनिटांत सांगितलेल्या नाहीत. पहाटेचा आडवा पसरणारा उजेड, सूर्याचे माथ्यावरून कलणे, वस्तूची सावली, सूर्यास्त आणि संधिप्रकाशाचे विरणे, या पाच खुणा आहेत. हजरत जिब्रील (अ.स.) यांनी आदरणीय पैगंबर (स.) यांना दोन दिवस नमाज पढवली. पहिल्या दिवशी प्रत्येक नमाज तिच्या आरंभीच्या वेळी आणि दुसऱ्या दिवशी अखेरच्या वेळी. आणि या दोहोंमधला काळ हीच नमाजची वेळ, असे शिकवले.

या शिक्षणात मोठी रहमत आहे. ज्याच्याकडे घड्याळ नाही, असा रानातला गुराखीही नमाजची वेळ ओळखू शकतो. पण खुणा पाहायलाही शिकावे लागते. हजरत अदी बिन हातिम (रजि.) यांनी सूरह अल्-बकराच्या १८७ व्या आयतीतील पांढऱ्या आणि काळ्या धाग्याचा उल्लेख शब्दशः घेतला आणि उशाखाली खरेच दोन धागे ठेवले. तेव्हा पैगंबरांनी (स.) समजावून सांगितले की, येथे रात्रीचा काळोख आणि दिवसाचा उजेड अभिप्रेत आहे. यावरून कळते की, वेळेच्या बाबतीत निष्ठेला ज्ञानाचीही जोड लागते.

हिशेबाने वेळ काढण्यालाही हदीसमध्ये आधार आहे. दज्जालच्या काळातील एक दिवस वर्षाएवढा असेल, हे ऐकून सहाबांनी (रजि.) विचारले की, त्या दिवशी एका दिवसाच्याच नमाजा पुरेशा होतील काय? पैगंबरांनी (स.) नाही म्हटले आणि वेळेचा अंदाज बांधण्यास सांगितले. सहीह मुस्लिममधील ही हदीस विद्वानांनी वेळेच्या गणिताचा पाया मानली आहे.

यवतमाळची सावली

आता आपल्या अंगणात येऊ. सपाट जमिनीवर एक मीटर उंचीची काठी ओळंब्यात उभी करा. सकाळी तिची सावली पश्चिमेकडे लांब पडते, हळूहळू आखूड होते, एका क्षणी सर्वांत आखूड होते आणि पुन्हा वाढू लागते. ती वाढू लागली की जवाल झाला आणि जुहरची वेळ सुरू झाली. दुपारच्या त्या सर्वांत आखूड सावलीला फिकहमध्ये ‘साया-ए-असली’, म्हणजे मूळ सावली म्हणतात.

अस्रसाठी ही मूळ सावली वजा करावी लागते. वस्तूची सावली, मूळ सावली सोडून, वस्तूएवढी झाली की इमाम शाफई (रह.) आणि अन्य इमामांच्या मते अस्र सुरू होते. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या प्रसिद्ध मतानुसार ती दुप्पट व्हावी लागते. कोकणातील आपले बहुतेक बांधव शाफई आहेत, तर विदर्भात बहुसंख्य हनफी. म्हणून रत्नागिरीचा पाहुणा यवतमाळला आला की त्याला अस्रची अजान उशिरा वाटते. आपल्या अक्षांशावर दोन्ही मतांत ऋतुमानाप्रमाणे साधारण पाऊण ते सव्वा तासाचे अंतर पडते. दोन्ही मते प्रमाण आहेत. त्यात वादाचे कारण नाही.

मूळ सावली का वजा करायची, हे यवतमाळच्या आकड्यांवरून चटकन ध्यानात येते. आपले शहर सुमारे २०.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास येथे भर दुपारी एक मीटर काठीची सावली सुमारे ९६ सेंटिमीटर पडते. मूळ सावलीचा नियम ज्याला ठाऊक नाही, तो त्या दिवशी जुहरच्या आरंभीच अस्र झाली असे समजेल! याउलट २२ मे आणि २१ जुलैच्या आसपास सूर्य आपल्या थेट माथ्यावर येतो आणि दुपारी काठीची सावली तिच्या पायथ्याशीच नाहीशी होते. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारची सावली थोडीशी दक्षिणेकडे पडते. जुलैमध्ये ढग असतात. परंतु मे महिन्यात मुलांना अंगणात उभे करून अल्लाहची ही निशाणी अवश्य दाखवावी. सूर्य आणि चंद्र एका हिशेबाने चालतात, या सूरह अर्-रहमानमधील वचनाचा अर्थ त्यांना त्या क्षणी कळेल.

घटका, तास आणि मुवक्कित

सावली दिवसा आणि ऊन असतानाच उपयोगी पडते. रात्री काय? आपल्या देशात त्यासाठी घटिकापात्र होते. तळाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका झाली. अशा ६० घटकांचा अहोरात्र, म्हणजे एक घटका २४ मिनिटांची, आणि घटकेची ६० पळे. मराठीत ‘घटका भरली’ असे आपण म्हणतो, त्यामागे पाण्यात बुडणारी हीच वाटी आहे. ‘तास’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. फारसीतून आलेल्या या शब्दाचा संबंध धातूच्या पात्राशी आणि वेळ कळवण्यासाठी ठोकायच्या तबकडीशी आहे. पुढे त्या ठोक्याने मोजलेला काळ तोच तास झाला. संस्कृतची घटका आणि फारसीचा तास आपल्या भाषेत शेजारी शेजारी नांदतात.

अबू रैहान अल्-बैरूनी (रह.) यांनी ११ व्या शतकात हिंदुस्थानविषयी लिहिलेल्या ग्रंथात या जलघड्याळांचा उल्लेख केला आहे. पुरशूर येथे, जे आजचे पेशावर मानले जाते, धर्मशील लोकांनी अशा घड्याळांच्या देखभालीसाठी उत्पन्न लावून दिले होते, असे ते नोंदवतात. बाबरनाम्यातही घटका मोजणारे घडियाली आणि त्यांची पितळी तबकडी यांचे वर्णन आहे. त्यातला एक हिशेब आपल्याला रुचेल : एका मिनिटात बिस्मिल्लाहसह सूरह फातिहा सुमारे सहा वेळा पढता येते, म्हणून अहोरात्रात ती ८,६४० वेळा पढता येईल. मिनिटाचे माप समजावण्यासाठी त्याला फातिहाच जवळची वाटली.

इस्लामी जगतात वेळेचे गणित मशिदीच्या आश्रयाने वाढले. इ.स.च्या ९ व्या शतकात बगदादच्या अक्षांशासाठी नमाजच्या वेळांची कोष्टके तयार झाली. त्यांचे श्रेय अल्-ख्वारिज्मी यांना दिले जाते. १३ व्या शतकापासून इजिप्तमध्ये आणि नंतर शाममध्ये मोठ्या मशिदींत ‘मुवक्कित’ नावाचा अधिकारी आढळतो. वेळा ठरवणे हेच त्याचे काम. दमिश्कच्या उमवी मशिदीचे मुवक्कित इब्ने शातिर (रह.) यांनी १३७१ मध्ये तेथील मिनारासाठी संगमरवरी सूर्यघड्याळ घडवले. त्याच शहरातील शम्सुद्दीन अल्-खलीली (रह.) यांची वेळांची कोष्टके पुढे शतकानुशतके वापरात राहिली. हे लोक रिकाम्या वेळेचे शास्त्रज्ञ नव्हते. आपल्या गणितावर हजारो लोकांची नमाज उभी आहे, याची त्यांना जाणीव होती.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. आपल्याकडील काही व्याख्यानांतून लंबकाचे घड्याळ काहिराच्या इब्ने यूनुस यांनी शोधले, असे सांगितले जाते. इब्ने यूनुस (मृत्यू १००९) हे थोर खगोलज्ञ होते, यात शंका नाही. परंतु लंबकाच्या या कथेला इतिहासकारांना पुरावा मिळालेला नाही. लंबकाचे घड्याळ १६५६ मध्ये नेदरलँड्सच्या ख्रिस्तियान हायगेन्स यांनी बनवले. आपल्या पूर्वजांचा खरा वारसा इतका समृद्ध आहे की त्याला खोट्या दागिन्यांची गरज नाही. सत्य बोलणे हाही दीनचाच भाग आहे.

गावाची वेळ आणि देशाची वेळ

घड्याळे सुधारली, तसा एक नवा प्रश्न उभा राहिला. पूर्वी प्रत्येक गावाची दुपार त्याच्या स्वतःच्या सूर्याने ठरत असे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एक अंश फिरायला तिला ४ मिनिटे लागतात. पूर्वेकडील गावात सूर्य आधी माथ्यावर येतो, पश्चिमेकडील गावात नंतर. बैलगाडीच्या प्रवासात हा फरक कोणाला जाणवत नव्हता. आगगाडी आली आणि एका मार्गावरील सर्व स्थानकांना एकच वेळ लागली. भारतीय रेल्वे प्रथम मद्रासची वेळ पाळत असे. १८८४ मध्ये वॉशिंग्टन येथील परिषदेने ग्रिनिच हे शून्य रेखांशाचे स्थान मानले, आणि १ जानेवारी १९०६ पासून भारतात ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची प्रमाणवेळ सुरू झाली. मुंबईत तिला बराच विरोध झाला. तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ तेथे १९५५ पर्यंत टिकून होती. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५ या काळात, देशाची घड्याळे आणखी एक तास पुढे केली होती. त्या वर्षांत मगरिबचा आकडा एका तासाने बदलला. सूर्य मात्र आपल्या वेळेवरच मावळत राहिला.

यातून हे ध्यानात घ्यावे की, प्रमाणवेळ ही माणसांनी सोयीसाठी केलेली तडजोड आहे. ती पाळण्यात दोष नाही. तिला सूर्य समजण्यात दोष आहे.

यवतमाळचा रेखांश सुमारे ७८.१३ अंश आहे. प्रमाण रेखांशाहून तो ४.३७ अंश पश्चिमेला आहे. त्याला ४ ने गुणले की साडेसतरा मिनिटे येतात. म्हणजे आपली सरासरी दुपार १२ वाजता होत नाही, ती १२ वाजून साडेसतरा मिनिटांनी होते. त्यातही वर्षभर बदल आहे. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने आणि तिचा आस कललेला असल्याने सूर्य कधी घड्याळाच्या पुढे, तर कधी मागे असतो. नोव्हेंबरच्या आरंभी यवतमाळचा सूर्य सुमारे १२.०१ ला माथ्यावर येतो, तर फेब्रुवारीच्या मध्याला सुमारे १२.३२ ला. हा अर्ध्या तासाचा फरक आहे. ‘जवाल साडेबाराला’ हे वाक्य वर्षभर लागू होत नाही, ते यामुळे.

एक जिल्हा, दोन टोके

आता या पाठातील सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे या. आपला जिल्हा पूर्व-पश्चिम बराच पसरलेला आहे. वणी सुमारे ७८.९५ अंशांवर, तर पुसद सुमारे ७७.५७ अंशांवर आहे. दोहोंत सुमारे साडेपाच मिनिटांचे अंतर पडते. यवतमाळच्या तुलनेत वणीची पहाट आणि वणीचा सूर्यास्त सुमारे ३ मिनिटे आधी होतो. पुसदचा सुमारे २ मिनिटे नंतर. अक्षांशामुळे यात ऋतूप्रमाणे एखाद्या मिनिटाची भर किंवा घट होते.

समजा, यवतमाळ शहरासाठी अगदी काटेकोर काढलेले, एहतियातचे एकही मिनिट न धरलेले सहर-इफ्तारचे वेळापत्रक संपूर्ण जिल्ह्यात वाटले. वणीचा रोजेदार सहरीच्या शेवटच्या मिनिटापर्यंत खाईल, तर त्याच्याकडे ३ मिनिटांपूर्वीच पहाट झालेली असेल. पुसदचा रोजेदार त्या कागदाप्रमाणे खजूर तोंडात घालील, तर सूर्य अजून २ मिनिटे शिल्लक असेल. म्हणजे एकच कागद पूर्वेच्या टोकाला सहरीत आणि पश्चिमेच्या टोकाला इफ्तारमध्ये घात करतो. नागपूरची वेळ घेतली, तर पुसदला फरक ६ मिनिटांचा होतो. उलट मुंबईचा सूर्यास्त आपल्याहून सुमारे २१ मिनिटे उशिराचा, म्हणून मुंबईच्या आकड्याने आपल्याकडे सहर संपवणे हा उघड धोका आहे.

दोन-तीन मिनिटांनी काय होते, असे कोणी म्हणेल. हजरत अस्मा बिन्ते अबू बक्र (रजि.) यांच्या कथनानुसार, पैगंबरांच्या (स.) काळात एका ढगाळ दिवशी लोकांनी रोजा सोडला आणि मग सूर्य दिसला. अशा रोज्याची कजा करावी लागते, हेच बहुसंख्य फुकहांचे मत आहे. कफ्फारा मात्र नाही. चुकीबद्दल गुनाह नसला, तरी रोजा राहिलेला असतो. आणि ही चूक एका व्यक्तीच्या विसराळूपणाची नसून वेळापत्रकाची असेल, तर ती पूर्ण वस्तीची आणि तीसही दिवसांची होते. हदीसमध्ये मुअज्जिनला विश्वस्त म्हटले आहे. लोकांचे रोजे आणि नमाजा त्याच्या आवाजावर सोपवलेल्या असतात. वेळ ही अमानत आहे, ती या अर्थाने.

अणूचा ठोका

माणसाने आज वेळेची अचूकता कोठवर नेली आहे? १९५५ मध्ये इंग्लंडमध्ये सीझियम अणूवर चालणारे पहिले विश्वसनीय घड्याळ तयार झाले. १९६७ पासून सेकंदाची व्याख्या पृथ्वीच्या फिरण्यावरून होत नाही. सीझियम अणूच्या विशिष्ट प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आंदोलने म्हणजे एक सेकंद. अशी उत्तम घड्याळे कोट्यवधी वर्षांत एखाद्या सेकंदाने चुकतात. भारताची प्रमाणवेळ नवी दिल्लीतील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अशाच घड्याळांच्या आधारे राखते. आपल्या मोबाइलला जागा कळते, तीही उपग्रहांतील अणुघड्याळांमुळे. प्रकाश सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात ३०० मीटर जातो. तेवढी वेळ चुकली की जागाही तेवढी चुकते.

ही घड्याळे इतकी नियमित निघाली की पृथ्वीचे फिरणेच किंचित अनियमित असल्याचे त्यांनी दाखवून दिले. दोहोंचा मेळ घालण्यासाठी १९७२ पासून २७ वेळा जगाच्या घड्याळांत एक जादा सेकंद घालावा लागला. परंतु लक्षात घ्या, अणूचा ठोका कितीही अचूक असला, तरी उमरखेडला मगरिब कधी होते हे तो स्वतःहून सांगू शकत नाही. त्यासाठी उमरखेडचा अक्षांश-रेखांश आणि त्या दिवशीचा सूर्य लागतोच. अचूक घड्याळ आणि अचूक वेळापत्रक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपण काय करावे

पहिले, मशिदीतील वेळापत्रक कोणत्या गावासाठी आहे, हे त्यावर लिहिलेले असावे. पूर्ण जिल्ह्यासाठी एकच काढायचे असेल, तर सहरीची अखेर सर्वांत आधी पहाट होणाऱ्या टोकाची आणि इफ्तारची वेळ सर्वांत उशिरा सूर्य मावळणाऱ्या टोकाची घ्यावी. अधिक चांगले म्हणजे प्रत्येक तालुक्याचे वेगळे काढावे.

दुसरे, मोबाइलच्या अॅपमध्ये तीन गोष्टी तपासाव्यात : ठिकाण आपलेच आहे काय, अस्र हनफी की शाफई, आणि फज्रसाठी सूर्य क्षितिजाखाली किती अंश धरला आहे. १८ अंश आणि १५ अंश या दोन पद्धतींत आपल्याकडे सुमारे १३ मिनिटांचा फरक पडतो. कोणती पद्धत धरावी, हे आपल्या विश्वासू आलिमांना विचारूनच ठरवावे.

तिसरे, इफ्तार लवकर करण्यात भलाई आहे, ही हदीस सूर्यास्ताची खात्री झाल्यानंतरची आहे. एहतियातची दोन-तीन मिनिटे या सुन्नतीच्या विरोधात जात नाहीत. मात्र एहतियातच्या नावाखाली दहा-पंधरा मिनिटे वाढवणेही योग्य नाही.

चौथे, शेजारच्या मशिदीची अजान एक मिनिट पुढे-मागे झाली, तर भांडू नये. आकडा कोठून आला, हे दोघांनी बसून पाहावे.

आणि एक सुंदर उपयोग. दरवर्षी २८ मेच्या सुमारास दुपारी २.४८ वाजता आणि १६ जुलैच्या सुमारास दुपारी २.५७ वाजता, आपल्या प्रमाणवेळेनुसार, सूर्य काबा शरीफच्या थेट माथ्यावर असतो. घड्याळ बरोबर लावून त्या क्षणी काठीची सावली पाहा. सावलीच्या टोकाकडून काठीच्या पायथ्याकडे जाणारी रेषा म्हणजे किबला. अचूक वेळ येथे अचूक दिशा होऊन हाती येते.

सूरह अल्-अस्रमध्ये अल्लाह तआलाने काळाची शपथ घेऊन माणसाच्या तोट्याची जाणीव दिली आहे. आपल्या हाती आज अशी घड्याळे आहेत, जी मागील कोणत्याही उम्मतीच्या हाती नव्हती. त्यांचा हिशेबही आपल्यालाच द्यायचा आहे. अल्लाह तआला आपल्या नमाजा त्यांच्या वेळेवर अदा करण्याची आणि आपल्या इबादती ज्ञानाने जपण्याची तौफीक देवो. आमीन. वल्लाहु आलम.

कुटुंबात चर्चेसाठी

१. आपल्या गावाचा रेखांश शोधा. तो ८२.५ मधून वजा करून ४ ने गुणा. आपली सरासरी दुपार किती वाजता होते?
२. या आठवड्यात एक दिवस काठी उभी करून सर्वांत आखूड सावलीची वेळ नोंदवा. ती वेळापत्रकातील जवालशी जुळते काय?
३. डिसेंबरमध्ये मूळ सावली वजा न केल्यास अस्रच्या वेळेत कोणती चूक होईल?
४. मुअज्जिनला विश्वस्त का म्हटले आहे?